अण्णांनी माळ काढून ठेवली

गंगथडीकर | रविवार, रात्री ११.२०

धागा काढावा की नाही यावर पंधरा दिवस घोळ घातला. मामला घरातला आहे. पण गावात हे बोलायची सोय नाही आणि इथं मला कोणी तोंडानं ओळखत नाही, म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गंगेपासून दोन कोसांवर. (गोदावरी आम्ही फक्त शाळेच्या पेपरात लिहिली.) वडील, म्हणजे अण्णा, सत्तरी ओलांडलेले. १९८४च्या आषाढीला त्यांनी माळ घातली. तेव्हापासून वशाट नाही, दारू नाही, एकादशी चुकली नाही. गुडघे गेले तसं पायी जाणं थांबलं, मग एसटीनं जाऊ लागले, पण पंढरपूर सुटलं नाही.

मागच्या एकादशीला गावी गेलो तर अण्णांचा गळा मोकळा. चाळीस वर्षं माळ जिथं रुळली तिथली कातडी बाकीच्या मानेपेक्षा उजळ दिसत होती, दोरा बांधून ठेवल्यासारखी. माळ देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेली.

म्हणलं, तुटली का?

"काढली."

"कामून?"

"खोटं बोलणाऱ्याच्या गळ्यात ठेवायची नसती."

आता मागचं सांगतो. ७२च्या दुष्काळात आमच्या शेजारच्या शेतवाल्यानं (त्याला इथं किसनबा म्हणू) सव्वा एकर माझ्या आजोबांना खरेदीखत करून दिली. नावाला खरेदी, खरं तर गहाण. खत पक्कं करायचं आणि "पैसे फिटले की पलटवून देऊ" हे तोंडी ठेवायचं, असे व्यवहार तेव्हा सर्रास व्हायचे. किसनबा दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि सुकडीवर लेकरं जगवायचा. ७६ साली त्यानं पैसे फेडले. मारुतीच्या पारावर बसून अण्णांनीच नोटा मोजल्या, बावीस वर्षांचे होते. आजोबा म्हणाले, देव साक्षी आहे, सुगी झाली की तालुक्याला जाऊन खत पलटवू. ती सुगी झाली, पुढचीही झाली. किसनबा पुण्याला बांधकामावर गेला आणि तिकडंच वारला. आजोबाही गेले. किसनबाचा नातू आता पिंपरीत रिक्षा चालवतो.

गेल्या साली आमच्या शिवाराजवळून रस्ता मोजला आणि भाव फुटले. थोरल्या भावानं, दादानं, प्लॉटिंगवाल्याला घरी आणलं. त्यानं चहा पिता पिता अण्णांना विचारलं, "काका, जमीन निर्वेध आहे ना? कोणाचा हक्कबिक्क?" अण्णा म्हणाले, "नाही. बापानं पैसे मोजून घेतलेली आहे." त्या रात्री माळ निघाली. आता अण्णांचं एकच म्हणणं आहे, किसनबाच्या नातवाला जमीन द्या. दादा म्हणतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

माझं सांगतो. कॉलेजात असताना देव सुटला, तो परत आला नाही. त्याचं दुःख नाही. पण ही सगळी गोष्ट मला आजीनं बारा वर्षांपूर्वीच सांगितली होती. म्हणजे २०१४ला वाटण्या झाल्या तेव्हा मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. एक रात्र झोप मोडली नाही.

देव नसला तरी माणूस नीतीनं वागू शकतो, हे मी शंभरदा लोकांना ऐकवलेलं आहे. इथंही ऐकवलंय, जुने प्रतिसाद काढून बघा. मग माळेवाल्याला जे टोचलं ते मला का टोचलं नाही?

---

उदगीरचा_तर्कटी | रविवार, रात्री ११.५८

पहिला मी.

देव साक्षी होता ना? मग पन्नास वर्षं साक्ष द्यायला का आला नाही? तुमचे अण्णा भले माणूस आहेत, त्याचं श्रेय विठोबाच्या खात्यावर कशाला टाकायचं? भली माणसं स्वतःच्या भलेपणाला देवाचं नाव देतात आणि लबाड माणसं लबाडीला. आमच्या गावात सप्ताहातल्या काल्याची सगळ्यात मोठी पंगत सावकाराची असते. बुंदी दोन वेळा वाढतात.

शिवाय देवावर निर्णय सोपवले की काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या चुलत्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. तालुक्याचा दवाखाना नऊ किलोमीटरवर, पण त्याला मारुतीच्या देवळात आडवा घातला आणि रात्रभर भजन केलं. पहाटे गेला. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हा कायदा दाभोलकरांचा खून झाल्यावर आला, हेही लक्षात असू द्या. ते आयुष्यभर सांगत राहिले की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीशी आहे. मी त्यांच्याइतका सोशिक नाही. माझं देवाशीही आहे.

---

पंढरीची_वाट | सोमवार, सकाळी ६.१०

तर्कटी साहेब, चुलत्यांचं वाईट वाटलं. पण धाग्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही टाळला. धागाकर्ता तुमच्याच पंथाचा आहे. त्याला माहीत होतं आणि तो निवांत झोपला. अण्णांना झोप लागली नाही. हा फरक कशाचा?

माणसाला चांगलं-वाईट कळतंच, त्याला संत लागत नाहीत. कळलेलं आज करायचं की उद्यावर ढकलायचं, तिथं माळ लागते. रोज आंघोळीला माळ हाताला लागते. मनाला "बघू पुढं" म्हणून गप्प करता येतं, हाताला नाही.

---

उदगीरचा_तर्कटी | सोमवार, सकाळी ९.३०

@पंढरीची_वाट, चाळीस वर्षं रोज हाताला लागत होती की! आंघोळी किती झाल्या हिशेब करा.

---

रिटायर्ड_मास्तर | सोमवार, दुपारी १.१५

धागाकर्त्यास एक प्रश्न. आजोबा कोणत्या साली वारले?

---

गंगथडीकर | सोमवार, दुपारी २.०५

१९८४. उन्हाळ्यात.

...मास्तर, आत्ता लिहिताना लक्षात आलं. आजोबा वैशाखात गेले आणि अण्णांनी आषाढात माळ घातली. घरात कायम हेच सांगितलं गेलं की बाप गेल्याच्या दुःखात घातली.

---

रिटायर्ड_मास्तर | सोमवार, दुपारी २.४०

असेलही दुःखात. मी परभणी जिल्ह्यात चौतीस वर्षे नोकरी केली आणि पुष्कळ माळा पाहिल्या. काही भक्तीने घातलेल्या असतात, काही दारू सुटावी म्हणून बायकोने घालायला लावलेल्या, काही निवडणुकीच्या आधीच्या. आणि काही माळा माणूस कशाच्या तरी बदल्यात घालतो. जे द्यायचे ते देववत नाही, म्हणून दुसरे काहीतरी देतो. मटण सोडतो, पायी चालतो.

यावरून अण्णा खोटे ठरतात असे मी म्हणत नाही. उसने फेडता येत नाही म्हणून व्याज भरत राहणारा माणूस कर्ज विसरलेला नसतो.

दुसरे असे की माळकऱ्याला खोटे बोलायची बंदी आहे, गप्प बसायची नाही. अण्णांना चाळीस वर्षांत कोणी विचारलेच नाही. प्लॉटिंगवाल्याने विचारले आणि पंचाईत झाली. त्या दलालाचे खरे तर आभार मानले पाहिजेत.

---

चिंचेखाली | सोमवार, दुपारी ३.००

मास्तरांच्या प्रतिसादाला +१. कोपऱ्यात बसून वाचतोय.

---

निळी_पहाट | सोमवार, रात्री ९.४५

मी औरंगाबादची (नाव बदललं तरी तोंडात तेच येतं). या धाग्यावर सगळे देव आहे की नाही यातच अडकलेत, म्हणून लिहिते. आमच्या घरात देव नाही, धम्म आहे. बाबासाहेबांनी मांडणीच अशी केली की इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची. लहानपणी आम्हाला कोणी "देव बघतोय" म्हणालं नाही. "शील मोडलं" म्हणायचे. पाचातलं दुसरं शील, अदिन्नादाना, म्हणजे जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. तुमची सव्वा एकर सरळ त्यात बसते. साक्षीदार असो नसो.

पण हे काही वाटतं तितकं सरळ नसतं, ते आजीकडून शिकले. ५६ला नागपूरची दीक्षा झाली आणि त्यानंतर वर्षभरात आमच्या वाडीनं घेतली. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या आणि देव्हाऱ्यातले टाक गोळा करून गंगेत सोडले. मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. त्यापायी गावानं दोन वर्षं काम दिलं नाही, किराणा दिला नाही, तरी मागं फिरले नाहीत. सगळं आयुष्य बदलून टाकणारा तो निर्णय धर्माचा होता आणि नीतीचाही. दोन्ही वेगळं काढताच येत नाही.

आणि आजीनं? तिनं एक टाक, मरीआईचा, ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. पटकीत तिची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्याला काही झालं तर, ही भीती. आजोबांना कणगी रिकामी करताना तो सापडला. त्यांनी परत ज्वारीत खुपसून ठेवला आणि मरेपर्यंत त्या विषयावर बोलले नाहीत. हे आजीनंच मला सांगितलं, हसत. प्रतिज्ञेच्या पक्क्या माणसानं प्रतिज्ञा बाजूला ठेवून केलेली ती एकच गोष्ट, आणि मला आजोबांची तीच सगळ्यात आवडते.

आमच्याकडचे सगळे शीलवान आहेत असं मुळीच नाही. माझे दोन मामा सकाळी वंदना म्हणतात आणि एका प्लॉटवरून एकमेकांविरुद्ध कोर्टात आहेत.

---

(प्रतिसाद संपादित) | सोमवार, रात्री १०.२०

*संपादक मंडळ: धाग्याच्या विषयाशी संबंध नसलेला आणि एका समाजाबद्दल आक्षेपार्ह मजकूर काढून टाकला आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद इथं नको. १९९४ला झालं ते झालं.*

---

खुलताबादकर | मंगळवार, सकाळी ७.३०

सलाम. रोजा-नमाजवाला माणूस आहे, मराठी शाळेत शिकलेला.

आमच्याकडं याला अमानत म्हणतात, म्हणजे कोणी विश्वासानं ठेवलेली चीज. लहानपणी मदरशात एक गोष्ट पक्की डोक्यात बसवली होती. अल्लाहचा हक वेगळा आणि बंद्यांचा हक वेगळा. नमाज चुकली तर तौबा करून अल्लाहकडं माफी मागता येते. पण माणसाचं देणं अल्लाहसुद्धा परस्पर माफ करत नाही. ज्याचं आहे त्यानंच माफ करावं लागतं. म्हणून अण्णांना माझा सलाम सांगा. त्यांनी बरोबर दार ठोठावलं. पंढरपूरला जाऊन हे फिटणारं नव्हतंच, पिंपरीलाच जावं लागेल.

पण धर्मग्रंथात उत्तर तयार असतं असंही कोणी समजू नका. माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. एज्युकेशन लोन म्हणजे व्याज, आणि व्याज हराम. दोन आलिमांना विचारलं. एक म्हणाले, नाही म्हणजे नाही. दुसरे म्हणाले, मजबुरी आहे, इल्म आहे, घ्या. आता काय? शेवटी कोणाचं ऐकायचं हे ठरवणारा मीच ना? घेतलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून घेतलं. माझ्या बचत खात्यात व्याज पडतं, ते मी दरवर्षी काढून कोणा गरजूला किंवा सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देतो. त्यात सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत ठेवायची नसते, कारण तो पैसा आपला नव्हताच. बायको म्हणते, घेताना एक न्याय, देताना दुसरा. बरोबर बोलते.

---

उदगीरचा_तर्कटी | मंगळवार, सकाळी १०.००

खुलताबादकर, तुमचा प्रतिसाद आवडला. मनापासून लिहितोय, टोमणा नाही. पण बघा, तुम्हीच म्हणालात की ठरवणारा मीच. मग मधला देव काढून टाकला तर काय बिघडतं?

---

खुलताबादकर | मंगळवार, सकाळी १०.२५

दोन वाजेपर्यंत जागलो नसतो.

---

परडी | मंगळवार, दुपारी ४.१०

नळदुर्गाकडची आहे. आमच्याकडं तुळजाभवानी म्हणजे घरातलीच बाई. तिच्याशी भांडतात सुद्धा.

तर्कटींना माझी गोष्ट सांगते, काय म्हणायचं ते म्हणा. मी सातवीत होते. आजोबांनी ठरवलं, पोरगी मोठी झाली, शाळा बंद. वडील त्यांच्यापुढं बोलत नव्हते. आणि माझी थोरली चुलती तर डोक्यावरचा पदर न हलवता जगलेली. सासऱ्यासमोर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्या नवरात्रात आठव्या माळेला घरी गोंधळ होता. संबळ वाजायला लागला आणि काकूच्या अंगात आलं. केस सुटलेले, कपाळभर हळद-कुंकू, हातात पेटता पोत. ती आजोबांसमोर उभी राहिली आणि त्यांना अरेतुरे करत म्हणाली, "पोरीचं दप्तर कुठं ठिवलास? तिची शाळा बंद केलास तर ह्या घरात राहायची नाही मी."

आजोबांनी तिचे पाय धरले. ज्या सुनेला ते "ए" म्हणूनही हाक मारत नव्हते तिचे. दुसऱ्या दिवशी दप्तर त्यांनीच माळवदावरून काढून आणलं. मी आज एमएस्सी आहे, नोकरी करते.

वीस वर्षांनी काकूला विचारलं, खरं सांग, देवी होती का तू होतीस? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला काय ठावं, मी कुठं होते तितं." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

---

उदगीरचा_तर्कटी | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

ताई, काकूंना दंडवत. पण देवीनं उलटं सांगितलं असतं तर?

---

परडी | मंगळवार, रात्री ८.३०

सांगितलं ना. दोन वर्षांनी दुसऱ्या एका बाईच्या अंगात आलं आणि आमच्या गल्लीतल्या विधवेचं ठरलेलं लग्न देवीला मान्य नाही असं निघालं. मोडलं ते. तीच देवी, तोच संबळ. मला यावर काही बोलायचं नाही, मला दोन्ही माहीत आहे इतकंच. काकूला त्या घरात स्वतःच्या नावानं एक वाक्य बोलायची मुभा असती तर देवीला यावं लागलं नसतं, असं मला वाटतं. पण नव्हती ना मुभा.

---

तेरणाकाठ | मंगळवार, रात्री ११.४०

बरेच दिवस नुसतं वाचतो. आज लिहितो.

किल्लारीजवळचं गाव आमचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांचा. दगड-मातीची घरं, दोन-दोन फूट रुंद भिंती, सगळ्या आत कोसळल्या. धाकटी बहीण गेली. शेजारचं अख्खं घर गेलं, त्यातलं एक चार वर्षांचं पोरगं तेवढं निघालं.

तेव्हा लोक म्हणायचे, पाप वाढलं होतं म्हणून झालं. माझ्या आईनं हे एका पाहुण्याच्या तोंडून ऐकलं आणि देव्हाऱ्यातल्या मूर्ती पत्र्याच्या शेडमागं नेऊन ठेवल्या. म्हणाली, माझ्या तीन वर्षांच्या पोरीनं काय पाप केलं ते मला येऊन सांगा. नंतर तिनं कधी हात जोडले नाहीत. बापाचं उलटं झालं. आधी नावाला देव मानणारा माणूस, तो भूकंपानंतर रोज हरिपाठाला बसायला लागला. दिवा लावायचा की नाही यावरून रोज संध्याकाळी घरात कडाक्याचं भांडण.

शेजारचं ते पोरगं दोघांनी वाढवलं. त्यावरून मात्र एकदाही भांडण झालं नाही. तो आज लातूरला मोटारी दुरुस्त करतो, आई त्याच्याकडंच असते. बाप पुण्याई म्हणायचा, आई म्हणायची कुठं टाकायचं लेकराला. पोळी तीच वाढायचे.

---

पंढरीची_वाट | बुधवार, सकाळी ६.२०

तेरणाकाठ, तुमच्या आईंना नमस्कार. पाप वाढलं होतं असं म्हणणाऱ्यांबद्दल एक माळकरी म्हणून मला लाज वाटते.

---

बाँडरायटर | बुधवार, सकाळी ११.१५

मी तहसीलच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसतो. दस्त लिहिणं हा धंदा. देवाधर्माचं मला समजत नाही, कागदाचं सांगतो.

एक. खरेदीखतात परत देण्याची अट लिहिलेली नसेल तर कायदा ते गहाण धरत नाही. तोंडी वचनाची मुदत कधीच संपली. कोर्टात किसनबाचा नातू शंभर टक्के हरेल. म्हणजे तुम्हाला कोणाचीही भीती नाही. द्यायचं असेल तर निव्वळ मनानं द्यायचं आहे.

दोन. बक्षीसपत्र परक्याला करताय, तर मुद्रांक शुल्क बाजारभावावर लागेल. घरातल्यासारखं दोनशे रुपयांत भागणार नाही. तो खर्च कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर रिक्षावाल्याच्या गळ्यात देणगी नाही, बिल पडेल.

तीन. सव्वा एकर वाटणीत दादांकडं गेली असेल तर अण्णांच्या सहीचा उपयोग नाही, दादांची सही पाहिजे. ते म्हणतील, माझ्याच वाट्यातून का? बरोबर म्हणतील. धागाकर्त्यानं स्वतःच्या वाट्यातून तेवढी जमीन दादांना द्यायची तयारी ठेवली आहे का? ते धाग्यात कुठं दिसलं नाही.

चार. २०१४च्या वाटणीत बहिणी किती होत्या आणि हक्कसोड किती रुपयांचं?

हा चौथा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, राग मानू नका. २००५च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतका हक्क आहे. बाप २००५ला जिवंत असो नसो, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०२०ला आला. तरी माझ्या टेबलापुढं बहिणी रांगेनं सही करून जातात. साडी-चोळी, पाच हजार रुपये, आणि माहेर तुटू नये म्हणून. आणणारे कोण असतात? माळकरी असतात, नमाजी असतात, बुद्धवंदना म्हणणारे असतात, देव न मानणारे प्राध्यापकही असतात. पंचवीस वर्षांत एकाही भावाचा हात थरथरलेला मी पाहिला नाही. बहिणींचा पाहिला. पेन धरता येत नाही म्हणतात, अंगठा घ्या.

---

निळी_पहाट | बुधवार, सकाळी ११.४०

बाप रे.

---

चिंचेखाली | बुधवार, दुपारी १२.३०

धागाकर्ते कुठं गेले?

---

रिटायर्ड_मास्तर | गुरुवार, सकाळी ८.००

येतील. घाई करू नये.

---

गंगथडीकर | शुक्रवार, रात्री १२.५०

आलो. दोन दिवस उत्तर लिहून खोडत होतो.

दोन बहिणी. आक्का आणि ताई. हक्कसोडपत्र नोंदवलेलं. सही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाली, कारण दोघी त्या निमित्तानं आलेल्या होत्या. दादानं साड्या आणल्या आणि गाडी मी ठरवली. अण्णा सोबत होते, गळ्यात माळ होती. आम्हा तिघांपैकी कोणाच्याही मनाला काही शिवलं नाही. आक्का सही करून बाहेर आली आणि म्हणाली, चहा पाजा रे. रसवंती उघडी होती म्हणून रस पाजला, तेवढं आठवतं.

माझा प्रश्न होता की अण्णांना टोचलं ते मला का टोचलं नाही. बाँडरायटरांनी तो पार फिरवून टाकला. किसनबाचं अण्णांना टोचलं, कारण उसनं बुडवणं हे पाप त्यांनी कीर्तनात हजारदा ऐकलंय. बहिणीचा वाटा घेणं हे पाप आहे असं कोणत्याही कीर्तनात कोणी सांगितलं नाही. उलट भाऊ-बहिणीचं प्रेम म्हणून त्याचं कौतुकच ऐकलं. आणि मी? समतेवर बोलणारा माणूस. मला ना कीर्तनानं सांगितलं, ना मी स्वतः डोकं लावलं.

गुरुवारी आक्काला फोन केला. किसनबाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हायती हाय. मायनं मलाबी सांगितलं व्हतं. देऊन टाका त्याचं त्याला." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "अन् मपलं?"

मला बोलता आलं नाही. तिनंच विषय बदलला, भाच्याच्या परीक्षेचं काढलं.

---

परडी | शुक्रवार, सकाळी ७.०५

तिनं विषय बदलला कारण तुम्ही गप्प बसलात. परत फोन करा.

---

गंगथडीकर | रविवार, रात्री १०.१५

केला. शनिवारी गावी गेलो, आक्का आणि ताई दोघींना बोलावून घेतलं.

थोडक्यात लिहितो. दादाशी भांडण झालं, मोठं झालं. ओढ्याकडचा माझा तुकडा सव्वा एकराच्या बदल्यात देतो म्हणालो तर म्हणतो, ती चोपण जमीन, एकाला दोन दे. मग म्हणाला, आता घरातल्या सगळ्यांनीच माळा घाला, मी एकटा पापी राहतो. वहिनी मात्र मधेच म्हणाली की तिच्याही माहेरी तिनं अशीच सही केलेली आहे. त्यावर दादा उठून शेतातल्या आखाड्यावर गेला तो रात्री आला. ओढ्याचा तुकडा बघू म्हणालाय. नाही म्हणाला नाही.

पिंपरीला फोन लावला. मी सगळी कहाणी सांगितली तर पलीकडून किसनबाचा नातू म्हणाला, "साहेब, पैसे किती भरायचेत? ओटीपी सांगणार नाही मी." अन् कट केला. पुन्हा लावला तर उचलला नाही. अण्णा म्हणाले, असं फोनवर व्हत नसतं, आपण जाऊ. पुढच्या शनिवारची परभणी-पुणे गाडी बघतोय. पासष्टच्या पुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट लागतं असं सांगितलं तर म्हणाले, ठाऊक आहे, पंच्याहत्तर झाल्यावर अमृत योजनेत फुकट जाईन, तोवर अर्धंच.

बहिणींच्या वाट्याचं अण्णांनी कालनिर्णयच्या पाठीमागं पेन्सिलनं मांडलं. चार लेकरं, किसनबाची सव्वा एकर वजा, विहिरीचा तुकडा वेगळा. दोनदा चुकलं. ताईनं बेरीज करून दिली.

---

पंढरीची_वाट | रविवार, रात्री १०.४०

आणि माळ? घातली का परत?

---

गंगथडीकर | रविवार, रात्री १०.५५

नाही. खिळ्यालाच आहे. आई रोज देव पुसताना तीही पुसते.